३८१ दिवसांची शिदोरी

आज ५ डिसेंबर. १९५५ साली याच तारखेला, एका सोमवारी, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात माँटगोमेरी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी सिटी बसवर बहिष्कार टाकला. चार दिवस आधी रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी सीट सोडायला नकार दिला होता आणि त्यांना अटक झाली होती. बहिष्कार चालला ३८१ दिवस. उद्या बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मृतिदिनी चैत्यभूमीवर लाखो माणसं येतील. बाबासाहेब गेले, त्या १९५६ च्या ६ डिसेंबरलाही माँटगोमेरीतली माणसं बसविनाच कामावर जात होती.

रोझाबाईंचा नकार जगाला ठाऊक आहे. पण मला दरवर्षी या दिवशी जॉर्जिया गिलमोर आठवतात. सहा मुलांची आई, एका खानावळीत स्वयंपाकाला होत्या. त्या शहरात बसच्या पुढच्या दहा सीट गोऱ्यांसाठी राखीव असत. काळ्या माणसानं पुढच्या दारातून चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचं आणि मागच्या दारानं पुन्हा चढायचं. गिलमोरबाईंनी एकदा असेच पैसे दिले, मागच्या दाराकडे निघाल्या आणि त्या पोहोचायच्या आत ड्रायव्हरनं बस हाकली. पैसे त्याच्याकडे, बाई रस्त्यावर. त्या दिवसापासून त्यांनी बस सोडली. बहिष्काराची हाक यायला तेव्हा अवकाश होता.

पुढे मार्च १९५६ मध्ये आंदोलनाचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर बहिष्कारासाठी खटला चालला, तेव्हा हाच अनुभव गिलमोरबाईंनी कोर्टात उभं राहून सांगितला. नोकरी गेली. मग किंग यांच्याच सल्ल्यानं त्यांनी घरच्या चुलीवर खानावळ सुरू केली.

एवढं मोठं आंदोलन नुसत्या निर्धारावर चालत नाही. रोज हजारो माणसांना कामावर पोहोचवायचं होतं. त्यासाठी शेकडो खाजगी गाड्या ठरलेल्या थांब्यांवरून माणसं नेत-आणत. गाड्यांना पेट्रोल लागतं, टायर झिजतात. गिलमोरबाईंनी ओळखीच्या बायका जमवल्या. त्या घरी केक, पाई, सँडविच करायच्या आणि दारोदार विकायच्या. गोरे गिऱ्हाईकही घ्यायचे. पैसे जमले की आंदोलनाच्या सभेत नेऊन द्यायच्या. या मंडळाचं नाव होतं ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. नाव मुद्दाम तसं ठेवलेलं. पैसे कुठून आले असं कुणी विचारलं तर ‘कुठूनच नाही’ म्हणता यावं, म्हणजे देणाऱ्या बाईची नोकरी शाबूत राहील. किती बायकांनी किती रात्री पीठ मळलं, याची नोंद म्हणूनच नाही. मला या लढ्यातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. भाषण एका संध्याकाळचं असतं. इथे सकाळी पुन्हा चूल पेटवायची होती, तीही वर्षभर, आणि नाव कुठेही येणार नाही हे पक्कं माहीत असताना.

त्या काळात किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. बहिष्कार घातला म्हणून ८९ जणांवर आरोप ठेवले गेले. माणसं बसमध्ये परतली नाहीत.

शेवटी बसमधल्या वर्णभेदाचा कायदा रद्द झाला तो कोर्टात, आणि तिथेही चार बायकाच उभ्या होत्या: ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्विन. रोझाबाई त्या दाव्यात नव्हत्या. क्लॉडेट तर त्यांच्याही नऊ महिने आधी सीट न सोडल्याबद्दल पकडली गेली होती, तेव्हा ती १५ वर्षांची शाळकरी मुलगी होती. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल कायम केला. आदेश माँटगोमेरीत पोहोचला २० डिसेंबरला, आणि दुसऱ्या दिवशी लोक बसमध्ये चढले, हवं तिथे बसले.

आज रोझा पार्क्स यांची गोष्ट घरातल्या मुलांना जरूर सांगा. सांगताना या चौघींची नावं घ्या, आणि जॉर्जिया गिलमोर यांच्या स्वयंपाकघरापर्यंत ती गोष्ट न्या.