तिसरी घोंगडी

महाशिवरात्र झाली, की 'शिव शिव' म्हणत थंडी निघून जाते, असे आमच्याकडे म्हणतात. होळीची तर गोष्टच सोडा. उरलेसुरले हिव ती जाळूनच टाकते. नेमक्या या दोन सणांच्या मधल्या दिवसांत मला गोदावरीवर मासे धरायला जाण्याची लहर येते. घनसावंगीच्या पेठेत लोक सदऱ्याच्या बाह्या सारून हिंडत असतात आणि मी मात्र खाटेवर कानटोपी, मफलर आणि घोंगड्या मांडून बसलेला असतो.

"अहो, गंगेवर चाललात की हिमालयात?" असे आमच्या घरात दरवर्षी विचारले जाते. (गोदावरीला आम्ही मराठवाड्यातले लोक गंगाच म्हणतो.) यंदा त्यात नातवाची भर पडली. तो सुट्टीला आला होता आणि बरोबर येणार होता. त्याने फोनमध्ये हवामान पाहिले आणि निकाल दिला, "आजोबा, रात्रीसुद्धा सोळाच्या खाली जाणार नाही. एवढे ओझे कशाला?"

मी काही बोललो नाही. काडेपेटी मेणकापडात गुंडाळली. कोरड्या कपड्यांचा एक जोड वेगळा बांधला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, फिरकीचा तांब्या, बॅटरी, गळ आणि दोर अशी एकेक वस्तू आत गेली. मग दोघांच्या दोन घोंगड्यांची वळकटी केली आणि तिच्यावर तिसरी घातली.

"आपण दोघेच आहोत ना? मग ही तिसरी कुणाची?" नातवाने विचारले.

त्याची आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसली. तिला ते ठाऊक होते. वाचकांना मात्र सांगायला हवे.

१९८३ सालच्या फाल्गुनातली गोष्ट. जालना हा स्वतंत्र जिल्हा होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि मला मास्तर होऊनही तितकीच. त्या वयात कमीत कमी सामान घेऊन प्रवास करणे मला मोठे तत्त्वज्ञान वाटे. जो वस्तूंना बांधलेला नाही तो मुक्त, असे मी वर्गात मुलांना सांगत असे आणि ते खरे करून दाखवायची संधी शोधत असे. कुंभार पिंपळगावापर्यंत एस.टी.ने आणि तेथून पुढे पायी, असा मी राजाटाकळीच्या बाजूला नदीवर पोहोचलो, तेव्हा अंगावर एक सुती सदरा, खांद्याला शबनम पिशवी आणि पिशवीत एक गळ, एवढाच माझा संसार होता. आता तेथे बंधारा आहे. तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडाला नदी डोहाडोहांतून उरलेली असे.

काठावर एक म्हातारा भोई जाळे लावत होता. माझ्याकडे नखशिखांत पाहून त्याने विचारले, "गुर्जी, पांघरायला काय आनलं?"

"थंडी संपली की, मामा!" मी म्हणालो.

"गावातनं गेली आसंल," तो म्हणाला, "पान्यातनं न्हाई गेली."

मध्यरात्रीनंतर त्याच्या बोलण्याचा अर्थ मला कळू लागला. दिवसभर तापलेली वाळू पाहता पाहता गार पडली. डोहावरून ओला वारा सुटला. त्यातच दोर सोडवताना मी गुडघाभर पाण्यात घसरलो होतो. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब कितीतरी वेगाने ओढून घेते, हे मी मुलांना शिकवीत होतो. पण शिकविणे निराळे आणि ओल्या धोतराने बसणे निराळे. माझे दात वाजू लागले. म्हाताऱ्याने काही न बोलता आपली घोंगडी काढून माझ्या अंगावर टाकली. मी "नको, नको" म्हणालो. पण ते तोंडदेखले होते हे त्यालाही कळले आणि मलाही. चिंचोक्याच्या खळीचा आणि लोकरीचा वास नाकात भरला आणि मी गाढ झोपी गेलो.

पहाटे जाग आली तेव्हा तो विझत्या शेकोटीपाशी पाय पोटाशी घेऊन बसला होता. तसाच उठून सुक्या भोपळ्यांच्या सांगडीवर त्या गार पाण्यात शिरला आणि जाळे काढू लागला. मी त्याचे आभार मानले, दोन रुपये पुढे केले, ते त्याने घेतले नाहीत. आणि मी सकाळच्या गाडीने परतलो. आपली सडी सफर कशी झकास झाली हे मी चार जणांना सांगितलेसुद्धा. तीन आठवड्यांनी त्याच्या गावचा एक विद्यार्थी सहज बोलून गेला, की म्हातारा त्या दिवसापासून तापाने पंधरा दिवस पडून होता आणि जाळे घरात टांगलेले होते. हातावर पोट असलेल्या घरात जाळे पंधरा दिवस टांगून राहणे म्हणजे काय, हे मला विचारावे लागले नाही.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. आपण ओझे खाली ठेवतो, तेव्हा ते नाहीसे होते काय? की फक्त दुसऱ्याच्या पाठीवर जाते?

आमच्याच तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली रामनवमीला नारायण सूर्याजी ठोसर जन्माला आले. 'सावधान' हा शब्द कानी पडताच बारा वर्षांचा नारायण लग्नमंडपातून निघून गेला आणि पुढे समर्थ रामदास झाला, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. त्याने बरोबर काही नेले नाही, याचे आपल्याला कौतुक वाटते, आणि ते योग्यच आहे. पण परंपरा आणखीही एक गोष्ट सांगते. चोवीस वर्षांनी ते जांबेस आले, तेव्हा आई राणूबाईंची दृष्टी मुलासाठी रडून रडून गेलेली होती. समर्थांना दोष देण्याची माझी प्राज्ञा नाही. त्यांनी पुढे जे उचलले ते एका घराच्या ओझ्याहून फार मोठे होते. मात्र माझ्यासारख्या माणसाने त्यांच्या रिकाम्या हातांची नक्कल करण्यापूर्वी त्या मातेच्या डोळ्यांची आठवण ठेवावी, एवढेच मला वाटते.

मग भरपूर सामान नेणारा माणूस शहाणा काय? तसेही नाही. पुष्कळांच्या ट्रंकेत वस्तू नसतात, भीती घड्या घालून ठेवलेली असते. आणि कधी कधी जड ओझे हेच निरपेक्ष असते. कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली बर्फात मेले. महिन्यांनंतर त्यांचा तंबू सापडला, तेव्हा त्यांच्यापाशी सुमारे सोळा किलो दगड होते. पायांत चालण्याचे बळ उरले नसतानाही त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांत अतिप्राचीन वनस्पतींचे ठसे होते. ज्या प्राचीन भूखंडाला आपल्या गोंडांच्या प्रदेशावरून नाव मिळाले, त्याचा तो पुरावा. ते दगड त्यांच्या स्वतःच्या काय उपयोगाचे होते? मागाहून येणाऱ्यांसाठी त्यांनी ते ओढले. कुणी याला वेडेपणा म्हणेल. मला तसे म्हणवत नाही.

पुढल्या वर्षी मी नवी घोंगडी घेऊन म्हाताऱ्याकडे गेलो. त्याने ती हातावर घेऊन वीण पाहिली, "झ्याक हाय" म्हणाला आणि ठेवून घेतली. माझ्या मनावरचे ओझे उतरले. पण महिन्याभराने मी त्या बाजूला गेलो, तर जायकवाडीच्या कालव्यावरच्या उसाच्या फडाजवळ तोडकऱ्यांच्या कोप्या पडल्या होत्या आणि एका कोपीबाहेर एक लेकरू माझी घोंगडी गुंडाळून निजले होते. मला वाईट वाटले, हे लपवीत नाही. मी म्हाताऱ्याला म्हणालो, "मामा, ती तुमच्यासाठी आणली होती."

"तुमची फेड झाली न्हवं, गुर्जी?" तो म्हणाला. "मग आता ती माझी हाय. माझी हाय म्हनून दिली."

मी हिशेब चुकता करायला गेलो होतो. त्याच्या लेखी हिशेब असा नव्हताच. देणे फेडून संपवायचे नसते, ते पुढे सरकवायचे असते, हे त्याने मला एका वाक्यात शिकविले.

त्या दिवसापासून माझी पिशवी जड झाली. पहिले ओझे आपले, म्हणजे आपल्यामुळे कुणाला थंडीत बसावे लागू नये. दुसरे, जो अंदाज चुकून किंवा गरिबीमुळे उघडा आला असेल त्याचे. अशाने घर भरणाऱ्या हावरटालाही सबब मिळेल, असे कुणी म्हणेल. पण जादा वस्तू भीतीपोटी घेतली की मायेपोटी, हे घरी पिशवी भरताना कळतच नाही. कुणी कुडकुडत समोर आला, म्हणजे ती किती सहज बाहेर निघते, यावरून कळते. माझी घोंगडी दोनदा सहज निघाली. एकदा मी ती द्यावी की न द्यावी, असा विचार करीत बसलो, तेवढ्यात तो माणूस निघून गेला. तीही रात्र मी विसरलेलो नाही.

नातवाला मी हे सारे गाडीत सांगितले. तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. कुंभार पिंपळगावला उतरलो, तेव्हा वळकटी उचलायला मी वाकलो, तर ती आधीच त्याच्या खांद्यावर होती.