निसरडं कोण?

जुन्या इंग्रजीत ‘स्लिडोर’ असा एक शब्द होता. अर्थ निसरडा. रून लिपीतल्या एकेका चिन्हावर एकेक कडवं रचलेली एक फार जुनी कविता आहे, तिच्यात बर्फाच्या चिन्हापाशी हा शब्द भेटतो. बर्फ किती गार आणि किती निसरडा, हे सांगून झाल्यावर कवी त्याच बर्फाच्या रूपाची वाखाणणी करतो: काचेसारखा नितळ, रत्नांसारखा लखलखणारा. पाय ठरू न देणारी जागा देखणीही असते, हे त्याने पाहिलेलं होतं. या कवितेचं हस्तलिखित १७३१ साली लंडनमधल्या एका आगीत जळालं. जॉर्ज हिक्स या अभ्यासकाने ती १७०५ मध्येच छापून ठेवली होती, म्हणून आज ती वाचता येते.

हाच ‘स्लिडोर’ राजा आल्फ्रेडच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बायबलमधल्या स्तोत्रांच्या गद्य अनुवादातही आहे. शत्रूंनी गांजलेला माणूस देवाजवळ मागणं मागतो की, त्यांची वाट अंधारी आणि निसरडी होऊ दे. त्यांच्या पायांतलं बळ काढून घे, असं तो इथे म्हणत नाही. धडधाकट माणसालाही पाडायला वाट पुरेशी आहे, हे त्याला ठाऊक आहे.

त्या काळचे निसरडेपणा सांगणारे बरेच शब्द मला असेच जमिनीला चिकटलेले दिसतात. ‘स्लिप्पे’ म्हणजे बुळबुळीत लगदा, शेणाचा राडा. इंग्लंडच्या कुरणांत वसंतात फुलणाऱ्या पिवळ्या काउस्लिपच्या नावात तोच शब्द आहे. ‘कूस्लिप्पे’ म्हणजे सरळ गाईचं शेण. गुरं जिथे चरतात तिथेच हे फूल उगवतं, म्हणून हे नाव पडलं असं मानतात. उत्तर इंग्लंडमध्ये निसरड्या रस्त्याला अजून ‘स्लेप’ म्हणतात. हा शब्द नॉर्स लोकांनी आणलेला. त्यांच्या ओडिन देवाच्या आठ पायांच्या घोड्याचं, स्लेप्निरचं नावही त्याच कुळातलं.

माणूस पडला की आपण ‘त्याचा पाय घसरला’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. तो कुठे उभा होता, ती जागा कोणी तशी केली होती, हे विचारायचं राहून जातं. सोळाव्या शतकातल्या टॉमस वायट या इंग्रज कवीने नेमकं त्या जागेकडे बोट दाखवलं. तो आठव्या हेन्रीच्या दरबारातला. १५३६ च्या मे महिन्यात राणी ॲन बुलीनवर व्यभिचाराचा आरोप आला, तेव्हा वायटलाही लंडनच्या टॉवरमध्ये डांबलं. १७ मे रोजी तिच्याबरोबर आरोप झालेल्या पाच पुरुषांची डोकी उडवली गेली, १९ मे रोजी राणीचं. वायट वाचला. चार वर्षांनी त्याचा पाठीराखा टॉमस क्रॉमवेल वधस्तंभावर गेला, आणि त्यानंतरच्या वर्षी वायट पुन्हा टॉवरमध्ये होता. याच वायटने सेनेकाच्या ‘थिएस्टीस’ नाटकातलं एक समूहगीत इंग्रजीत आणलं. दरबाराच्या शिखरावर ज्याला उभं राहायचं असेल त्याने खुशाल राहावं, मला आडबाजूला निवांत जगू द्या, असा त्याचा आशय. त्या शिखराला सेनेकाने लॅटिनमध्ये निसरडं म्हटलं होतं. वायटने त्यासाठी जुन्या इंग्रजीतल्या ‘स्लिपोर’चा वंशज ‘स्लिपर’ हा शब्द योजला. दोघांनीही हे शिखर आतून पाहिलं होतं. सेनेका हा रोमन सम्राट नीरोचा गुरू. त्याच नीरोच्या हुकमाने इसवी सन ६५ मध्ये त्याला स्वतःचा जीव घ्यावा लागला. हेन्रीच्या दरबारात इतकी माणसं पडली, ती सगळी कच्च्या पायाची होती असं मला तरी म्हणवत नाही.

माणसालाच निसरडा म्हणण्याची रीतही इंग्रजीत जुनी आहे, आणि तिचा सर्वांत धडकी भरवणारा वापर मला ‘ऑथेल्लो’त दिसतो. गो. ब. देवलांनी ‘झुंझारराव’ म्हणून आपल्या रंगभूमीवर आणलेलं तेच हे नाटक. १६२३ च्या छापील प्रतीत सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालचा कपटी इयागो त्याच्याच दुसऱ्या अधिकाऱ्याला, कॅसिओला हाच शब्द लावतो, ‘स्लिपर’. हा बेभरवशाचा, संधिसाधू, वरवर गोड माणूस आहे, असं तो आपल्या जाळ्यात ओढलेल्या रॉडरिगोच्या मनावर ठसवतो. त्याच रात्री तो कॅसिओच्या हाती प्याला देतो. आपल्याला दारू सोसत नाही, असं कॅसिओ स्पष्ट सांगतो. तरी इयागो आग्रह सोडत नाही. मग रॉडरिगोला पुढे करून भांडण पेटवलं जातं, कॅसिओ तलवार उपसतो, एक जण जखमी होतो आणि ऑथेल्लो तिथल्या तिथे कॅसिओचं पद काढून घेतो. आपलं नाव गेलं म्हणून कॅसिओ विव्हळतो आणि सगळा दोष स्वतःकडे घेतो. जमीन बुळबुळीत करणारा माणूस शेजारी उभा राहून त्याची समजूत काढत असतो.

कॅसिओ निर्दोष नव्हता. प्याला त्याने घेतला होता. पण इयागोने त्याला दिलेलं विशेषण त्याला कधीच बसत नाही. शेवटच्या अंकात, हे सगळं जिथे घडतं त्या सायप्रसचा कारभार याच कॅसिओकडे सोपवला जातो, आणि इयागोला कोणती शिक्षा द्यायची हेही त्यानेच ठरवायचं असतं.