जगवणे

मराठीत ‘जगणे’ या क्रियापदाचे ‘जगवणे’ हे प्रयोजक रूप आहे. बदल लहान दिसतो. परंतु त्यामुळे कर्ता पालटतो. जो जगत असतो तो कर्म होतो आणि कर्तेपण जगवणाऱ्याकडे जाते. या कर्तेपणाबरोबर कोणते दायित्व येते, हा नीतिविचारातील प्रश्न कधीकधी अगदी घरगुती निमित्ताने उभा राहतो. बेंगळूरुच्या पूर्वेला, के. आर. पुरममधील एखाद्या गच्चीवर कुंडीत वाढवलेला वृक्षनेचा हे तसे एक निमित्त.

वृक्षनेचा मूळचा ओलाव्यातला. सायथिया प्रजातीतील त्याच्या जाती पश्चिम घाटात, कोडगू-चिकमगळूरच्या सावलीतील ओढ्यांकाठी आढळतात. त्याला फूल नाही, बी नाही. वंश चालतो तो सूक्ष्म बीजाणूंवर, आणि फलनालाही पाण्याचा पातळ थर लागतो. त्याच्या खोडावर मुळांचे दाट वेष्टन असते. म्हणून केवळ बुंध्याशी पाणी घालून भागत नाही. खोडही ओलसर ठेवावे लागते. वाढ होते ती शेंड्यातून. तो करपला की बहुधा सारेच संपते.

युरोपातील बागांतून ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या डिक्सोनियाच्या शेंड्यात हिवाळ्यात पेंढा भरतात, तो हिमाच्या भयाने. बेंगळूरुला ते भय नाही. १३ जानेवारी १८८४ रोजी नोंदले गेलेले ७.८ अंश सेल्सिअस हे या शहराचे नीचांकी तापमान. तेही गोठणबिंदूच्या बरेच वर. इथला हिवाळा मारतो तो कोरडेपणाने. ईशान्य मोसमी पाऊस ओसरला की दुपारची हवा पानांतील ओल शोषू लागते. मग सावलीसाठी जाळी, रोजची फवारणी, खोडाभोवती ओले शेवाळ, असा उपचार सुरू होतो.

या उपचारात माया आहे, हे नाकारता येणार नाही. पण अरण्यात त्या झाडाला कोणाच्याही मायेची गरज नव्हती. ती गरज स्थलांतराने निर्माण केली. ‘अभिज्ञानशाकुंतला’तील शकुंतला झाडांना पाणी घातल्यावाचून स्वतः पाणी पीत नाही, परंतु ती झाडे आपल्याच भूमीत उभी होती. शिवाय आश्रम सोडताना ती आपली लाडकी वेल सख्यांच्या हाती सोपवते. आपल्यामागे काय, हा विचारही जगवण्यातच मोडतो. सुट्टीत गावी जाताना गच्चीवरील कुंडी कोणाच्या भरवशावर राहते, हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये या प्रश्नाने कठोर रूप धारण केले. शहरातील अनेक कूपनलिका आटल्या होत्या. पिण्याचे पाणी बागेला घालण्यास जलमंडळाने बंदी केली आणि पाच हजार रुपये दंड ठरवला. माणसे टँकरची वाट पाहत असता नेच्यावर फवारणी करणे, हे कोणत्या न्यायाने समर्थनीय ठरेल? माणूस आधी, हे उत्तर योग्यच आहे. तरीही ते अपुरे आहे. ज्याने स्वतःहून येथे येणे स्वीकारले नाही, त्याला ‘आता तुझे तू पाहा’ असे म्हणण्याचा अधिकार आणणाऱ्याला कसा असेल? शिवाय बेंगळूरुला मिळणारे कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून आणले जाते, आणि ती नदी उगम पावते कोडगूत. नेच्याचे रानही तिकडचेच.

या पेचातून सुटण्याचा मार्ग एकच दिसतो. जगवणाऱ्याने ते पाणी दुसऱ्याच्या वाट्यातून नव्हे, स्वतःच्या वाट्यातून द्यावे. तांदूळ धुतलेले पाणी, भाजी धुतलेले पाणी साठवावे. आणि आणतानाच विचारावे की हे झाड बीजाणूंपासून वाढवलेले आहे की रानातून उपटलेले. वन्य जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार १९७५ मध्ये अमलात आला; सायथियाचा समावेश त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. पण कायदा आणण्यावर बंधन घालू शकतो. आणल्यावर जगवण्याचे बंधन ज्याचे त्यानेच स्वीकारावे लागते. ते झेपणार नसेल, तर ओढ्याकाठच्या झाडाला तिथेच जगू देणे, हेही कर्तव्यच ठरते.