न वितळलेली चांदी

जुनी नाणी जमवणाऱ्यांत ‘आठ रियाल’चं स्पॅनिश नाणं मानाचं. साधारण २७ ग्रॅम चांदी. माझ्याकडे एकच आहे, पोतोसीच्या टांकसाळीतलं. आज बोलिव्हियात असलेल्या या डोंगरात १५४५ साली चांदी सापडली. १५७३पासून आसपासच्या प्रांतांतल्या सात पुरुषांमागे एकाला पाळीपाळीनं तिथे सक्तीनं कामाला जुंपलं जाई. असं नाणं हौसेनं बाळगावं का?

ही चांदी आपल्याकडेही आली. युरोपीय व्यापारी रियाल घेऊन सुरतेला उतरत. मुघल राज्यात ते व्यवहारात आणायचे तर टांकसाळीत वितळवून त्यांचे रुपये पाडावे लागत. पुढे रुपयांचे दागिने झाले. म्हणजे आजीच्या पैंजणांतही पोतोसीचा अंश असू शकतो. पण पैंजणांना कुणी जाब विचारत नाही. वस्तू वितळली की निर्दोष ठरते.

गोवंडीत राहणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. इथल्या देवनार डम्पिंग ग्राउंडवर १९२७पासून मुंबईचा कचरा येतोय. लोक त्यातून तांबं, पत्रा, प्लास्टिक वेचतात. ते वितळवून केलेल्या नव्या मालावर वेचणाऱ्या हातांची खूण कुठे असते?

नाण्यावर राजाचं नाव आहे, टांकसाळीची खूण आहे, चांदी पारखणाऱ्याचं आद्याक्षरही आहे. खाणीत उतरलेल्याचं काहीच नाही. मी नाणं विकलं, म्हणून त्याचे कष्ट फिटत नाहीत. म्हणून ठेवलंय, एका अटीवर: कुणाला दाखवताना राजाच्या आधी त्या माणसाबद्दल सांगायचं. तेवढंही जमलं नाही, तर मीही ते वितळवल्यासारखंच.