हाड कोण पोखरतं?

सोमेश्वरनगरात गळीत हंगाम सुरू असला की कारखान्याचा आवाज रात्रीही थांबत नाही. तो आवाज कानावर असू द्या. जमेल तसं बसा, पाठ टेकली तरी चालेल. उजवा तळहात उजव्या गुडघ्यावर ठेवा. घाई नाही.

हाताला टणक लागतंय ते हाड. आपण त्याला निर्जीव समजतो, पण ते क्षणभरही स्वस्थ नसतं. काही पेशी जुनं हाड विरघळवतात, काही त्याच जागी नवं घालतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग वर्षभरात असा पालटतो. एक श्वास घ्या, सोडा. तेवढ्यातही ते काम चालूच होतं. थोडा वेळ एवढंच मनात राहू द्या.

आता मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी या, अगदी सांध्यालगत. जायंट सेल ट्यूमर ही गाठ बहुतेक वेळा इथे, नाहीतर नडगीच्या वरच्या टोकात किंवा मनगटापाशी होते. हाडाची वाढ पूर्ण झाल्यावर, साधारण २० ते ४० या वयात. बायकांमध्ये थोडी जास्त. घर ज्यांच्या हातापायांवर चालतं, नेमकी तीच ही माणसं.

गाठीतल्या अवाढव्य पेशींवरून तिला हे नाव पडलं. एकेकीत पन्नास-शंभर केंद्रकं असू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच डोळ्यांत भरतात आणि हाडही त्याच खातात. मग दोष त्यांचाच, असं कुणालाही वाटेल. इथे जरा थांबा. उसाच्या फडात कोयता चालवणारी टोळी दिसते. उचल देऊन तिला आणणारा मुकादम दिसतोच असं नाही. गाठीतही बिघडलेली पेशी वेगळीच असते, साधी, एका केंद्रकाची, चटकन लक्षात न येणारी. अशा दहापैकी नऊ गाठींत तिच्या एच३एफ३ए या जनुकात छोटासा बदल असतो, हे २०१३ साली कळलं. ही पेशी रँकल नावाचं प्रथिन तयार करते. त्या हाकेवर रक्तातून आलेल्या पेशी गोळा होतात, एकमेकींत मिसळून मोठ्या होतात आणि एरवीचंच काम बेसुमार करू लागतात.

हे एकदा मनात उतरलं की उपचारही समजतात. डेनोसुमॅबचं इंजेक्शन ती हाक अडवतं. मोठ्या पेशी नाहीशा होतात, दुखणं उतरतं. पण हाक देणारी पेशी मागे उरते, म्हणून औषध थांबल्यावर गाठ पुन्हा वाढू शकते. मुख्य उपाय शस्त्रक्रियाच. गाठ नीट खरवडून काढतात आणि पोकळीत बहुधा हाडाचं सिमेंट भरतात. ते घट्ट होताना तापतं, त्या उष्णतेने काठावर राहिलेल्या काही पेशीही मरतात.

‘गाठ’ म्हटलं की छातीत धस्स होतं. ते भय आलं असेल तर त्याला ढकलू नका, फक्त त्याच्या शेजारी खरी माहिती ठेवा. ही गाठ सहसा कर्करोग नसते. मात्र जागेवर ती हट्टी असते, काढल्यावरही परत येऊ शकते, आणि क्वचित फुप्फुसात पोचते. म्हणून पुढची काही वर्षं त्या जागेचा आणि छातीचा फोटो डॉक्टर सांगतील तेव्हा काढावाच लागतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती सुरुवातीच्या महिन्यांची. तरुण माणसाचा गुडघा दुखतो, आणि ‘कामाने दुखत असेल’ म्हणून चोळण्यात, लेप लावण्यात दिवस जातात. तेवढ्यात हाड इतकं पातळ होतं की साधा पाय घसरला तरी मोडावं.

घरातल्या कुणाचा गुडघा किंवा मनगट काही आठवडे सतत दुखत असेल, सूज उतरत नसेल, रात्री ठणकत असेल, तर चोळू नका. बारामतीला नेऊन फोटो काढा. सांध्याजवळ हाडात काळी पोकळी दिसली, तर ऑपरेशनची घाई न करता आधी हाडांच्या गाठींवर काम करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून गाठींच्या रुग्णांसाठी उभं आहे. तुकडा तपासायचा तोही त्यांच्याच सल्ल्याने.