नळ उघडणाऱ्याचा पक्ष

‘आम्ही राजकारणात पडत नाही’ हे वाक्य लोणावळ्याच्या बंगल्यांत आणि पवनेकाठच्या वाड्यांत सारख्याच सहजतेनं ऐकू येतं. बंगलेवाल्याच्या तोंडी त्यात थोडा तोरा असतो. वाडीतल्या म्हाताऱ्याच्या तोंडी ती सावधगिरी असते, कारण भावकीत आधीच दोन पॅनेल पडलेली असतात आणि लेकाचं सोसायटीचं कर्ज अजून मंजूर व्हायचं असतं. दुसऱ्याची भीती मला समजते. पहिल्याच्या तोऱ्याबद्दल मात्र चार शब्द बोलायला हवेत.

या घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस कुणाकडे जायचा, हे शंभर वर्षांपूर्वीपासून उतार ठरवत नाही. वळवण, शिरवता आणि लोणावळा या टाटांच्या तलावांनी इंद्रायणीच्या खोऱ्यातलं पाणी अडवलं. देहू-आळंदीवरून भीमेला जाणारं हे पाणी पश्चिमेकडे वळवून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला उतरवलं, तेही मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून. खोपोलीचं वीजघर १९१५च्या सुमारास सुरू झालं. पूर्वेची नदी पश्चिमेला वाहू लागली, एवढा मोठा निर्णय झाला आणि कुणाला त्यात राजकारण दिसलं नाही. ती ‘योजना’ होती.

राजकारण दिसलं ते १९२१ साली, दक्षिणेला लागून असलेल्या मुळशी पेट्यात. मुळा आणि निळा यांच्या संगमावर टाटांचं धरण होऊ घातलं होतं, भातखाचरं बुडणार होती. त्या वर्षीच्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला आणि ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा दिली. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते, पुण्यातल्या पुढाऱ्यांचा आधार होता. पण बुडणाऱ्या जमिनींपैकी बऱ्याचशा पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या. शेतकऱ्याला जमीन हवी होती, सावकाराला तिचा रोख मोबदला मिळाला तरी चालणार होतं. नुकसानभरपाईची बोलणी जसजशी पुढे सरकली, तसतसा शहरातला आवाज खाली आला. सावकारानं हा लढा मोडायला काठी उगारली नाही. त्यानं फक्त व्यवहार पाहिला. आज कुणी त्याला विचारलं असतं, तर ‘मी राजकारणी नाही, पोटापाण्याचं बघतो’ असंच तो म्हणाला असता, आणि मनापासून म्हणाला असता. बापट तुरुंगात गेले, मुळशीचं पाणी भिऱ्याला उतरलं.

पवनेचं प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं, कारण इथे नळापाशी भांडवलदार नव्हता. आपल्यासारखीच माणसं होती. धरणातलं पाणी नदीत सोडायचं आणि रावेतच्या बंधाऱ्यातून पिंपरी-चिंचवडनं उचलायचं, ही जुनी पद्धत. त्याऐवजी धरणापासून थेट निगडीपर्यंत बंद जलवाहिनी टाकायची, असं ठरलं. वाटेत गळती नाही, प्रदूषण नाही, शहराचा हिशेब चोख. नदीकाठच्या शेतकऱ्याला वाटलं, पाणी पायपात गेलं की आपल्या मोटारी कोरड्या पडणार. शिवाय धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्यातल्या अनेकांचं पुनर्वसन तेव्हाही व्हायचंच होतं. ९ ऑगस्ट २०११ला, क्रांतिदिनी, बऊरजवळ द्रुतगती मार्ग अडवला गेला. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी गेले, त्यांत एक बाई होती.

त्या दिवसानंतर ‘यात राजकारण आणू नका’ हा सूर दोन्ही बाजूंनी लागला. सत्तेतले म्हणाले, विरोधकांनी शेतकऱ्यांना भडकवलं. विरोधक म्हणाले, आम्ही पक्षाचे जोडे बाहेर ठेवून आलो आहोत. प्रकल्पाला स्थगिती मिळाली. पुढे राज्यातलं सरकार बदललं, महापालिकाही बदलली, भाषणांची मंचावरची जागाही बदलली. स्थगिती २०२३ साली उठवली गेली, तीही वेगळ्याच जोडणीच्या सरकारकडून. ‘सगळे एकाच माळेचे मणी’ म्हणून हात झटकायला यासारखं निमित्त नाही. पण हात झटकून पाणी कुठल्या वाटेनं जायचं हा प्रश्न जागचा हलत नाही. तो उरलेले लोक सोडवतात, एवढंच.

आणि उरलेले कोण असतात? जानेवारी २०२१मधल्या ग्रामपंचायत निवडणुकांच्या आधी नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबारच्या खोंडामळीत सरपंचपदासाठी बोली लावली गेली. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली, पैसा देवळासाठी. गावात तंटा नको, निवडणूक बिनविरोध व्हावी, असा यामागचा शहाणपणा. राज्य निवडणूक आयोगानं दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. राजकारण नको म्हणून गाव एकत्र आलं आणि जास्त पैसेवाल्याच्या हाती चावी देऊन मोकळं झालं!

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खोडून काढावा असं मला वाटत नाही. माणसाला प्रत्येक गोष्टीत बाजू घ्यायला लावणं हीही दांडगाईच आहे. भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसणाऱ्याला ‘तुझा पक्ष कोणता’ म्हणून अडवू नये. झेंडा, मेळावा, प्रचाराचा भोंगा यांपासून दूर राहण्याचा हक्क खरा आहे. दुर्गाबाई भागवत कुठल्या पक्षाच्या नव्हत्या, लोकसाहित्य आणि पोथ्या यांत रमणाऱ्या. पण १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्या आणीबाणीविरुद्ध बोलल्या, आणि पुढे तुरुंगातही गेल्या. पक्षापासून दूर राहणं आणि प्रश्नापासून दूर राहणं या त्यांच्या लेखी दोन निराळ्या गोष्टी होत्या. आपण बहुतेकजण पहिलीचं नाव घेऊन दुसरी करतो.

आता निगडीतल्या घराकडे वळू. तिथली तहानही खोटी नाही. पिंपरी-चिंचवडला २०१९च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी येतं. टाकी भरून ठेवणारी गृहिणी कुणाची शत्रू नव्हे. तिनं गोळी मागितली नव्हती, पाणी मागितलं होतं. पण पवनेचं पाणी कोणत्या वाटेनं आणायचं, गळती आधी शहरातल्या पायपांची थांबवायची की नदीची, धरणग्रस्तांचं देणं कधी फेडायचं, हे ठरत होतं तेव्हा तिला कुणी विचारलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. बऊरच्या माणसांना मात्र रस्त्यावर यावंच लागलं.