‘उठ’ असं चार वेळा सांगावं लागलं



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय पहिला, श्लोक 28 ते 30.

पहिला अध्याय आपण बहुतेक जण उरकतोच. शंख वाजतात, योद्ध्यांची नावं येतात, आणि ‘खरी गीता’ दुसऱ्या अध्यायापासून, असं म्हणत आपण पुढे सरकतो. मीही कित्येक वर्षं तेच केलं. गेल्या वर्षापासून मात्र माझं बोट या तीन श्लोकांवर येऊन अडतं.

समोर आजोबा, गुरू, भाऊ उभे आहेत, आणि अर्जुन कृष्णाला सांगतो काय? हातपाय गळालेत. तोंडाला कोरड पडलीय. अंग कापतंय. काटा आलाय. गांडीव हातातून निसटतंय. अंगाची आग होतेय. उभं राहवत नाही. आणि मग, शेवटी, मन भिरभिरल्यासारखं होतंय. मोजून बघा. सात तक्रारी शरीराच्या, मनाची आठवी. कुळाचा नाश, पाप, नरक हे सगळे मुद्दे त्यानंतर येतात. आधी शरीर बोललंय.

आपली भाषाही हेच जाणते, नाही का? पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं, हातपाय गळतात. मनाचं काही सांगायचं तर मराठी माणूस शरीराचंच नाव घेतो.

मला हे का लागलं, ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात वीस लिटरचा पाण्याचा कॅन उचलताना कमरेत उसण भरली. चार दिवसांनी डाव्या पायात कळ जायला लागली. एमआरआय झाला. कमरेची एक डिस्क फुगलेली, आणि रिपोर्टमध्ये एक शब्द होता, ‘डीजनरेशन’. झीज. वय चौतीस! रात्री दोन वाजता मोबाईलवर त्या शब्दाबद्दल जे जे सापडलं ते सगळं वाचलं. (इंजिनिअर माणूस. लॉग वाचल्याशिवाय झोप येत नाही.)

दोन-अडीच महिन्यांत पायातली कळ जवळजवळ गेली. भीती गेली नाही. मी वाकणंच सोडून दिलं. लेसचे बूट गेले. तीन वर्षांची लेक हात वर करून उभी राहायची, मी तिला उचलायचो नाही. पूजेला खुर्ची आली. देवासमोर उभ्या उभ्या मान लववायची, की झाला नमस्कार. एका संध्याकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅबमध्ये बसलो होतो. अचानक छाती आवळली, बोटांना मुंग्या आल्या, तोंड कोरडं पडलं. वाटलं, संपलं. थेट हॉस्पिटल गाठलं. ईसीजी नॉर्मल, रक्ताच्या तपासण्या नॉर्मल. ‘हार्ट ठीक आहे, टेन्शन घेऊ नका.’ असं दोन महिन्यांत तीनदा झालं.

सत्संगातल्या एका ज्येष्ठांना हे कसंबसं सांगितलं. ते म्हणाले, “नामस्मरण कमी पडतंय तुमचं. भक्ताला कसली भीती?” खरं सांगतो, कमरेपेक्षा हे जास्त दुखलं. त्यानंतर कितीतरी दिवस कोणाला काही बोललो नाही. हे ब्लॉगचं लिखाण रोज चालू होतं. शरणागतीवर लिहीत होतो, आणि स्वतः देवासमोर वाकायला घाबरत होतो.

मग बायकोने फिजिओथेरपिस्टची वेळ घेतली. मला वाटलं, शेक देतील, मशीन लावतील, सोडतील. त्या ताईंनी पायांची ताकद बघितली, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, पाठीवर झोपवून पाय सरळ उचलून बघितला. आणि मग विचारलं, “कोणती हालचाल करायची सगळ्यात जास्त भीती वाटते?” मी म्हणालो, “वाकून नमस्कार करायची.” वाटलं, हसतील. त्यांनी कागदावर ‘ध्येय’ या रकान्यात लिहून टाकलं: जमिनीला डोकं टेकवून नमस्कार.

मग त्यांनी ती ‘झीज’ समजावून सांगितली. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या स्कॅनचे अनेक अभ्यास 2015 साली एकत्र करून पाहिले गेले. तिशीतल्या अशा लोकांपैकी निम्म्यांहून थोड्या जास्त जणांत ती झीज दिसली होती, आणि साधारण 40 टक्के लोकांत फुगलेली डिस्क. म्हणजे पांढरे केस यावेत, तसं. ताई हेही म्हणाल्या की सुरुवातीची कळ डिस्कमुळेच होती, ती कल्पना नव्हे. पण आता जे उरलंय त्यात मज्जासंस्थेच्या सावधपणाचा वाटा मोठा आहे. वेदना म्हणजे इजेचं मोजमाप नव्हे. वेदना हा मेंदूने दिलेला इशारा, आणि भीती, अपुरी झोप, ताण यांनी तो इशारा लवकर वाजायला लागतो.

हे मला माझ्या भाषेत लगेच कळलं. आमच्या कामात सर्व्हरवर अलर्ट लावलेले असतात. एकदा मोठा बिघाड झाला की घाबरून कोणीतरी अलर्टची मर्यादा इतकी खाली आणून ठेवतो, की नंतर पान हललं तरी रात्री तीनला फोन वाजतो. फोन खरंच वाजतो. झोप खरंच मोडते. सर्व्हर मात्र पडलेला नसतो. म्हणून ‘तुला काही झालेलंच नाही’ हे वाक्य जितकं चूक, तितकंच ‘वाजतोय म्हणजे मोडलंय’ हेही चूक. आणि कॅबमधल्या त्या मुंग्या? घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्याने बोटं झिणझिणतात, गरगरतं. मग त्या झिणझिण्यांनाच माणूस आणखी घाबरतो. त्यावर ताईंनी दिलेला व्यायाम म्हणजे पोटावर हात ठेवून सावकाश श्वास सोडणं, एवढाच.

आता परत गीतेकडे येऊ. कोणी म्हणेल, अर्जुनाचा विषाद म्हणजे मोह होता, आजार नव्हे. मान्य. मी काही अर्जुनाचं निदान करायला बसलेलो नाही. मला दिसतं ते वेगळंच.

अर्जुन धनुष्य टाकून रथात बसतो. दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्याच श्लोकात भगवंत त्याला म्हणतात की हे हृदयाचं दुबळेपण सोड, आणि उठ. अगदी आपल्या सत्संगातल्या काकांसारखं! पण पुढे काय होतं? अर्जुन उठत नाही. प्रत्यक्ष भगवंतांनी सांगितलं, तरी नाही. उलट ‘मी लढणार नाही’ म्हणतो आणि गप्प बसतो. आणि कृष्ण काय करतात? पुन्हा रागावत नाहीत. ‘तुझी भक्ती कमी पडली’ म्हणत नाहीत. रथ सोडून निघून जात नाहीत. दहाव्या श्लोकात ते हसल्यासारखे दिसतात आणि बोलायला लागतात.

‘उठ’ हा शब्द पुन्हा येतो दुसऱ्याच अध्यायात, 37व्या श्लोकात. मग चौथ्याच्या शेवटी. मग अकराव्यात, विश्वरूप दाखवून झाल्यावर. म्हणजे चार वेळा. आणि ‘मी उभा आहे’ असं अर्जुन म्हणतो ते थेट अठराव्या अध्यायाच्या 73व्या श्लोकात! मधल्या सगळ्या काळात सारथी समोरच बसून आहे. मला आधी वाटायचं, गीता म्हणजे ‘उठ’ हा आदेश. आता वाटतं, पहिल्यांदा ‘उठ’ म्हटल्यावर ज्याला उठवलं नाही, त्याच्याबरोबर थांबणं म्हणजे गीता.

आणि थांबणं म्हणजे लाड नव्हेत. सहाव्या अध्यायाचा 17वा श्लोक बघा. आहार, विहार, झोप, जागरण यांच्याबरोबर तिथे ‘चेष्टा’ही आहे. चेष्टा म्हणजे इथे थट्टा नव्हे, हालचाल. हालचालही बेताची, मापाची. मी दोन्ही टोकं करून बसलो होतो. बरं वाटलं त्या दिवशी घर आवरायचं, मग तीन दिवस आडवं पडायचं. ताईंनी हेच मोडलं. बरं वाटो की नको, रोज तेवढंच. पहिल्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर तळवे टेकवायचे, दहा वेळा. मग खुर्चीच्या बैठकीवर. मग स्टुलावर. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशीपर्यंत निवळलं पाहिजे. पहिल्यांदा स्टुलापर्यंत गेलो तेव्हा घामाघूम झालो होतो. दुखलं नव्हतं फारसं. घाबरलो होतो. ताई बाजूला उभ्या होत्या. धरलं नाही, पण हललाही नाहीत.

एक सांगायलाच हवं, कारण तुमच्यातले काही जण हे वाचून तपासणी टाळतील. छातीत दुखलं तर आधी डॉक्टर, ‘पॅनिक असेल’ हे आपण ठरवायचं नाही. कमरेच्या दुखण्यात लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, यातलं काहीही झालं तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. आणि मनाने बसकण मारली असेल, अंथरुणातून उठवत नसेल, तर सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन आहे, 14416, मराठीतही बोलता येतं. मी समुपदेशकाकडे जातोय, पंधरा दिवसांतून एकदा. जप चालू आहे. दोन्ही एकमेकांच्या आड आलेलं नाही.

सध्या देवघरासमोर पाट मांडलाय आणि त्यावर माझी इंजिनिअरिंगची जुनी पुस्तकं रचलीत. (शेवटी काहीतरी उपयोग झाला त्यांचा.) गुडघे टेकायचे, वाकायचं, कपाळ वरच्या पुस्तकाला लावायचं. दर आठवड्याला एक पुस्तक काढायचं. सुरुवातीला सात होती. आता दोन उरलीत, त्यातलं एक भलतंच जाड आहे. लेक शेजारी येऊन सरळ जमिनीला डोकं टेकवते आणि तिरक्या नजरेने माझ्याकडे बघत म्हणते, “बाबा, अजून खाली!”

गुरुवारी जाड पुस्तक काढायचंय.

उद्याचं वाचन: अध्याय दुसरा, श्लोक 10.

राम कृष्ण हरी.